जिंकणारा हात आणि राखणारी मूठ



सुगी आटोपली, चार पैसे हाती आले, की संध्याकाळी पारावर पत्त्यांचा डाव बसतो. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन, कधी रमी. निव्वळ करमणुकीच्या डावाने कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नाही. पण त्याच पानांना पैसा लागला की घरात वादाला तोंड फुटते. आजी म्हणते, "हा जुगारच." नातू म्हणतो, "आजी, हे नशिबाचे काम नव्हे, डोक्याचे आहे. पोकरचे तर जगज्जेते असतात. लाखो डॉलर मिळवतात."

दोघांत खरे कोणाचे? आज आपण नातवाचेच खरे धरून चालू. पोकरला डोके लागते, हे मान्य. स्मरणशक्ती लागते, हिशेब लागतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातातली पाने ओळखावी लागतात. तेव्हा ज्याचे डोके या खेळात सगळ्यांत तल्लख मानले गेले, अशाच एका जगज्जेत्याची हकीकत सांगतो. ती ऐका आणि मग तुमचे तुम्ही ठरवा.

दहा वर्षांचा पोरगा

त्याचे नाव स्टू उंगर. 8 सप्टेंबर 1953 रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात जन्मला. बाप दारूचा गुत्ता चालवी आणि घोड्यांच्या शर्यतींवर, सामन्यांवर लोकांच्या बेकायदा पैजा घेई. आपल्याकडे मटक्याच्या चिठ्ठ्या घेणारा असतो ना, त्यातलाच प्रकार. पोराच्या कानावर अभ्यासाचे पाढे पडले त्याहून अधिक पैजांचे भाव पडले.

आपण रमी तेरा पानांची खेळतो. तिकडे जिन रमी म्हणून एक खेळ आहे. त्यात खेळणारे दोघेच, आणि पाने दहा-दहा. या खेळातली पहिली स्पर्धा स्टूने वयाच्या दहाव्या वर्षी जिंकली. समोरच्याने कोणते पान टाकले, कोणते उचलले, हे सगळे त्याच्या डोक्यात पक्के बसे. चार-सहा पाने पडली की समोरच्याच्या हातात काय असावे, हे तो ओळखू लागे.

तो तेरा-चौदा वर्षांचा असताना बाप हृदयविकाराने गेला. आई आजारी. शाळा अर्धवट सुटली आणि पत्त्यांवरच घर चालू लागले. पुढे तो इतका वरचढ झाला की त्याच्याशी जिन रमी खेळायला कोणी बसेना. एखाद्या जत्रेत एकच पैलवान असा भारी निघावा, की त्याच्याशी जोड लावायला कोणी पुढे येऊ नये, तसे झाले. पैलवानाला कुस्तीच मिळेना, तर त्याने करावे काय? स्टू पोकरकडे वळला आणि लास वेगासला गेला.

त्याच्या स्मरणशक्तीची एक गोष्ट तिकडे अजून सांगतात. 1977 साली बॉब स्टुपॅक नावाच्या कॅसिनोवाल्याने त्याच्याशी एक लाख डॉलरची पैज लावली. पत्त्यांचे सहा जोड एकत्र पिसायचे, त्यातून पाने उतरवत जायचे, आणि कोणती गेली, कोणती उरली हे स्टूने मनातल्या मनात मोजत राहायचे. स्टूने पैज जिंकली. असे हे डोके!

पिकाविना वाटणी

लास वेगास हे नेवाडा राज्यातले वाळवंटातले शहर. 1931 साली त्या राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि मग तिथे मोठमोठे कॅसिनो उभे राहिले. आपल्याकडे गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, त्याच धंद्याचा हा फार मोठा अवतार. बेनी बिनियन नावाच्या कॅसिनोमालकाने 1970 साली तिथे पोकरची जागतिक स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी खेळाडूंनी आपसांत मते देऊन विजेता निवडला. खरी बाद फेरीची स्पर्धा 1971 पासून.

या खेळाचे आणि स्पर्धेचे गणित नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. ज्यांना तीन पत्ती ठाऊक आहे त्यांना पोकर कळायला वेळ लागणार नाही. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती झाकलेली. मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात, ती सगळ्यांची सामाईक. या सातांतली चांगली पाच ज्याची, तो डाव त्याचा. दर टप्प्याला पैसे लावायचे, वाढवायचे, नाहीतर पाने टाकून मोकळे व्हायचे. हातात काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवायचे, ही थापही खेळातलीच.

स्पर्धेत काय होते? प्रत्येक खेळाडू ठरलेली फी भरतो आणि सगळ्यांना सारख्या चकत्या मिळतात. चकत्या संपल्या की घरी जायचे. खेळ लांबत जाईल तशी प्रत्येक डावात सक्तीने घालायची रक्कम वाढत जाते, म्हणजे कोणाला गप्प बसून राहता येत नाही. शेवटी सगळ्या चकत्या एकाकडे येतात. तो विजेता.

1980 साली फी होती 10,000 डॉलर आणि खेळाडू होते 73. म्हणजे गोळा झाले 7 लाख 30 हजार डॉलर. पहिले बक्षीस बरोबर त्याच्या निम्मे, 3 लाख 65 हजार. आता सांगा, हा पैसा आला कुठून? जमिनीतून उगवला? कारखान्यात तयार झाला? बाहत्तर जणांच्या खिशातून निघाला आणि वरच्या चार-पाच जणांत वाटला गेला. तुम्ही एक पायली पेरता आणि रास घरी आणता, ती धरणीने दिलेली असते. ती आणताना शेजाऱ्याची कणगी रिकामी होत नाही. पत्त्यांच्या शेतात एक दाणाही नवा पिकत नाही. तिथे होते ती फक्त वाटणी.

दोन विजय

1980 ची ती स्पर्धा स्टू उंगरने जिंकली. वय 26. तोवरचा सर्वांत लहान विजेता. अंगाने किरकोळ, चेहऱ्याने कोवळा, म्हणून लोक त्याला 'द किड', म्हणजे 'पोरगा', म्हणत. त्या वर्षी डॉलर आपल्या आठ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सुमारे 29 लाख रुपये, आणि तेही 1980 सालचे!

शेवटी समोर उरला होता डॉइल ब्रन्सन. टेक्सासमधल्या एका लहानशा खेड्यात वाढलेला, 1976 आणि 1977 असा लागोपाठ दोनदा जगज्जेता झालेला मुरब्बी गडी. अखेरचा डाव ऐका. ब्रन्सनच्या हातात एक्का आणि सत्ती. उंगरच्या हातात पंजी आणि चौकी. मधली पहिली तीन पाने उघडली ती एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनच्या दोन जोड्या जमल्या, उंगरचे काहीच जमले नव्हते. त्याला वाचवू शकणारी पाने उरल्या जोडात चारच होती, ती म्हणजे तिर्र्या. चौथे पान उघडले, ती तिर्रीच! एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी असा क्रम लागला आणि ब्रन्सन संपला.

नातवाला हा डाव जरूर सांगा. डोके उंगरचे होते, यात शंका नाही. तिर्री मात्र त्याच्या डोक्याने आणली नव्हती.

पुढच्या वर्षी, 1981 साली, 75 खेळाडू उतरले आणि उंगर पुन्हा जिंकला. बक्षीस 3 लाख 75 हजार डॉलर. 1983 पर्यंत याच मेळ्यातल्या इतर पत्त्यांच्या प्रकारांतही त्याने दोन विजेतेपदे मिळवली. जाणकार म्हणू लागले, असा खेळाडू झाला नाही.

पैसा गेला कुठे?

आता घरातली मायबहीण विचारील तोच प्रश्न विचारू. एवढा पैसा आला, तर त्याने घर बांधले असेल? बँकेत ठेव ठेवली असेल?

त्याला ओळखणारे सांगत, की त्याचे बँकेत खातेच नव्हते. रोख पैसा हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचा आणि लागेल तसा काढायचा. पत्त्यांत मिळवलेले घोड्यांवर लावायचे. घोड्यांवर उरले तर सामन्यांच्या पैजांवर. तिथून उरले तर गोल्फच्या मैदानावर, जिथे त्याला फारसे खेळताही येत नव्हते. पत्त्यांच्या टेबलावर समोरच्याची एकेक चूक टिपणारा हा माणूस टेबलावरून उठला की कोणीही लुटावा असा होता.

यातली खोच ध्यानात घ्या. पत्त्यांच्या टेबलावर जो गुण होता, तोच बाहेर दोष ठरला. पैशाची भीती न बाळगणे, हातातली सगळी रक्कम एका क्षणात पुढे सरकवणे, याच धाडसाला समोरचे खेळाडू भीत. पण ज्याला पैशाची भीती नाही, त्याला पैशाची किंमतही राहत नाही. नोटांचे बंडल आणि चकत्यांची चळत यांत त्याला फरकच उरला नव्हता.

रात्रंदिवस चालणाऱ्या डावांत जाग राहावी म्हणून कोकेनची नशा आली आणि ती कायमची राहिली. लग्न झाले, मुलगी झाली, पण चार-पाच वर्षांत संसार मोडला.

1990 सालची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. जागतिक स्पर्धेत पहिले दोन दिवस उंगर जोरात खेळला. तिसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. शोधायला गेले तर हॉटेलच्या खोलीत नशेने बेशुद्ध पडलेला. नियम असा, की माणूस नसला तरी त्याच्या चकत्या टेबलावर राहतात आणि दर डावाची सक्तीची रक्कम त्यातून कापली जाते. आधीच्या दोन दिवसांत त्याने इतक्या चकत्या जमवल्या होत्या, की त्या रिकाम्या खुर्चीचा नंबर नववा लागला आणि तिला 25,050 डॉलरचे बक्षीस मिळाले!

तिसरा विजय

1997 साल उजाडले तेव्हा उंगर 43 वर्षांचा होता आणि कर्जात बुडालेला. फीचे 10,000 डॉलरही त्याच्याकडे नव्हते. अगदी शेवटच्या घटकेला बिली बॅक्स्टर नावाच्या जुन्या खेळाडूने त्याची फी भरली. बोली काय? तुम्ही लगेच ओळखाल. अर्धेली! भांडवल एकाचे, राबणूक दुसऱ्याची, येईल ते निम्मे-निम्मे.

त्या वर्षी 312 खेळाडू होते. नशेने नाकाची चाळण झालेली, ती झाकायला त्याने डोळ्यांवर निळसर काचांचा गोल चष्मा लावलेला. मुलीचा फोटो त्याने जवळ ठेवला होता. चार दिवस तो खेळला आणि असा खेळला, की सोळा वर्षांची धूळ झटकल्यासारखे झाले. शेवटचा डाव भर रस्त्यावर मांडव घालून, लोकांच्या गर्दीत झाला. समोर जॉन स्ट्रझेम्प नावाचा एका कॅसिनोचा अधिकारी. दोघांकडेही एक्का. स्ट्रझेम्पकडे सोबत अठ्ठी, उंगरकडे चौकी. चार पाने उघडेपर्यंत उंगर मागेच होता. पाचवे पान पडले, दुर्री. पुन्हा तोच एक्का ते पंजीचा क्रम, आणि तिसऱ्यांदा जगज्जेतेपद!

बक्षीस 10 लाख डॉलर. निम्मे बॅक्स्टरचे, निम्मे उंगरचे. उंगरच्या वाट्याला आलेले 5 लाख डॉलर म्हणजे त्या वेळचे साधारण 1 कोटी 80 लाख रुपये. मुलीसाठी आपण आता नीट वागू, असे त्याने मनावर घेतले होते म्हणतात. मनावर घेतले असेलही, पण त्याच्या आयुष्यात मनाला लगाम घालायची सवय कधी लागलीच नव्हती. काही महिन्यांत ते पैसे नशेत आणि पैजांत गेले.

1998 च्या स्पर्धेला बॅक्स्टर पुन्हा फी भरायला तयार होता. खेळ सुरू होण्याच्या थोडेच आधी उंगरने नकार कळवला. खेळण्याजोगी प्रकृती नव्हती आणि लोकांसमोर येण्याची उमेदही नव्हती. 22 नोव्हेंबर 1998 रोजी लास वेगासमधल्या एका स्वस्तातल्या लॉजच्या खोलीत तो मरून पडलेला सापडला. वय 45. वर्षानुवर्षांच्या नशेने हृदय निकामी झाले होते. जवळ निघाले सुमारे 800 डॉलर. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी ओळखीच्यांत वर्गणी फिरवावी लागली, आणि ती फिरवण्यात पुढे होता तोच बॉब स्टुपॅक, ज्याच्याकडून उंगरने कधीकाळी लाखाची पैज जिंकली होती. पुढे 2001 साली पोकरच्या थोर खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव बसवले गेले.

नातवाशी बोलताना

तुम्ही म्हणाल, सगळेच खेळाडू काही असे मरत नाहीत. खरे आहे. 1980 साली हरलेला डॉइल ब्रन्सन त्यानंतर 43 वर्षे जगला. 2023 साली गेला तेव्हा 89 वर्षांचा होता. 1962 साली केलेला संसार अखेरपर्यंत टिकला. पैजांत त्यानेही पुष्कळ घालवले, पण परतायला त्याला घर होते. खेळ संपला की उठायचे, हे त्याला जमले. उंगरला जमले नाही. पत्ते कसे खेळावे हे दोघांनाही येत होते. कधी उठावे, हे पत्ते कोणालाच शिकवत नाहीत. ते शिक्षण घरातून यावे लागते.

आणि तिकडचे जगज्जेते का मिरवले जातात, तेही समजून घ्या. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक साधा हिशेबनीस शंभर डॉलरच्याही आतली फी भरून इंटरनेटवरच्या पात्रता डावातून जागतिक स्पर्धेत शिरला आणि 25 लाख डॉलर जिंकला. ती बातमी जगभर झाली. 'तो जिंकू शकतो, तर मी का नाही?' असे म्हणत माणसे लोटली. 2003 साली 839 असलेले खेळाडू 2006 साली 8,773 झाले. मनीमेकरचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याबरोबर बसलेल्या उरलेल्या 838 जणांपैकी कितींची नावे तुम्ही ऐकली आहेत? आणि त्या वर्षी गोळा झालेल्या 83 लाख 90 हजार डॉलरपैकी बक्षिसांत वाटले गेले 78 लाख 2 हजार 700. म्हणजे दर शंभरातले सात आधीच बाजूला निघाले. आपल्या बाजारातल्या अडतीसारखेच, माल कोणाचाही असो, कापणारा कापून घेतो.

मोबाइलवरच्या पैशाच्या रमीचे आणि पोकरचे गणित याहून वेगळे नाही. म्हणूनच 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. पण कायदा दाराबाहेर उभा असतो. मोबाइल माजघरात असतो, कांबळ्याखाली असतो.

तेव्हा घरातल्या मोठ्यांनो, पोराला "हा नुसता नशिबाचा खेळ" म्हणून उडवून लावू नका. तो ऐकणार नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. त्याला म्हणा, "डोके लागते, कबूल. पण सगळ्यांत मोठ्या डोक्याच्या माणसाचे काय झाले, ते ऐक." मग त्याला तीन गोष्टी विचारा. जिंकलास ते वहीत लिहितोस, तसे हरलेले लिहितोस का? हरलेले परत मिळवण्यासाठी कधी उसने घेतलेस का? आणि जिंकून उठलास, असे शेवटचे कधी झाले?

उत्तर देताना मान खाली गेली, तर ओरडू नका. देणे किती आणि कोणाचे, हे आधी शांतपणे कागदावर मांडा. घरातल्या बाईला ते कळू द्या, कारण पुढे तिच्याच अंगावरचा डाग मोडला जाणार असतो. फेडीची व्यवस्था घराने मिळून करावी, पण 'एकदाच शेवटचे' म्हणून खेळायला पैसे मात्र देऊ नयेत. उंगरला दर वेळी कोणीतरी भांडवल देणारा भेटला. त्याला घरी नेणारा कोणी भेटला नाही.

पत्ते जाळून टाका, असे मी म्हणणार नाही. पारावर मेंढीकोटाचा डाव जरूर बसू द्या, हरणाऱ्याला चहा पाजायला लावा. तेवढी फी पुरे.

पुढच्या अंकी भेटूच.